बोटे आवळण्यापेक्षा उचलायला शिकवा

प्रश्न : मी ५१ वर्षांची असून काही वर्षांपूर्वी मला मल्टिपल स्क्लेरोसिसचे निदान झाले. उजवे पाऊल सुरुवातीला नीट पडते, पण पंधरा-वीस मिनिटे चालल्यावर चवडा जमिनीला घासू लागतो आणि बुटाच्या आत बोटे वळतात. पावलांची ताकद वाढावी म्हणून मी व्हिडिओत पाहून बोटांनी टॉवेल गोळा करण्याचा आणि गोट्या उचलण्याचा व्यायाम रोज करते. माझ्या धाकट्या भावाच्या दोन्ही पावलांत मधुमेहामुळे बधिरपणा आहे. तोही माझ्यासोबत हेच व्यायाम करतो. त्याची काही तक्रार नाही, मला मात्र रात्री तळव्यात वांब येतात आणि बोटे पूर्वीपेक्षा जास्त वळतात असे वाटते. माझा व्यायाम कमी पडतो आहे की चुकतो आहे? तो किती वेळा करावा? आणि डॉक्टरांनी पाऊल उचलून धरणारा स्प्लिंट सुचवला आहे, तो वापरल्याने पाय आळशी तर होणार नाही ना?

उत्तर : आपला व्यायाम कमी पडत नाही, तो चुकीच्या स्नायूंना मिळतो आहे. टॉवेल गोळा करणे आणि गोट्या उचलणे हे दोन्ही व्यायाम आपण आजच थांबवावेत असे मी सुचवेन, आणि भावालाही थांबवायला सांगावे, जरी त्यामागचे कारण आपल्याहून वेगळे असले तरी. पावलांचे व्यायाम म्हणून जे सर्वत्र दाखवले जाते ते बहुतांशी सपाट पाय, टाचदुखी किंवा धावपटूंच्या तक्रारी डोळ्यांपुढे ठेवून बसवलेले असते. मेंदूपासून स्नायूपर्यंतचा मार्ग शाबूत आहे असे तेथे गृहीत धरलेले असते, आणि आपल्या बाबतीत नेमका तोच मार्ग बिघडलेला आहे.

बोटे हलवणारे सगळे स्नायू पावलातच असतात असे नाही. तळव्यात लहान स्नायूंचे चार थर आहेत हे खरे, पण बोटे जोराने आत वळवणारे लांब स्नायू पोटरीत खोलवर असतात, तर बोटे आणि पाऊल वर उचलणारे स्नायू नडगीला लागून पुढच्या अंगाला असतात, आणि दोन्हींच्या कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्या, घोट्यावरून पावलात उतरतात. पोटरीकडचा गट मुळातच कितीतरी मोठा आहे, कारण चालताना सगळ्या शरीराचा भार त्याला पुढे ढकलायचा असतो. पुढच्या गटाला केवळ पाऊल उचलून धरायचे असते. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये मेंदू आणि मज्जारज्जूतील तंतूंचे आवरण खराब होते, त्यामुळे पाऊल उचलण्याचा आदेश क्षीण होऊन आणि उशिरा पोहोचतो. त्याच वेळी, ताण बसताच स्नायू आखडण्याची जी प्रतिक्षिप्त क्रिया आपल्या सर्वांत असते, तिच्यावरचा मेंदूचा अंकुश सैल होतो. एकीकडे उचलणारे स्नायू दुबळे आणि दुसरीकडे आवळणारे स्नायू ताठर, अशा ओढाताणीत सापडलेल्या पावलाकडून आपण रोज आवळण्याचाच सराव करून घेत आहात.

येथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, नाहीतर आपण ताकदीच्या सगळ्याच व्यायामांना घाबराल. ताकद वाढवल्याने ताठरपणा वाढतो ही जुनी समजूत होती आणि पक्षाघात किंवा मल्टिपल स्क्लेरोसिस झालेल्यांवर झालेल्या अभ्यासांनी तिला दुजोरा दिलेला नाही. त्यामुळे आपली बोटे टॉवेलच्या व्यायामानेच वळू लागली असे मी म्हणणार नाही. मात्र जी हालचाल पाऊल आधीच नको तितकी करते तिला आणखी सराव देऊन काही साधत नाही, आणि रात्रीचे वांब हे त्या थकलेल्या स्नायूंचे गाऱ्हाणे असू शकते.

नवे व्यायाम सुरू करण्याआधी आपल्या पावलाकडे तीन वेगवेगळ्या वेळी नीट पाहा. पहिल्यांदा उंच पलंगाच्या काठावर बसून पाय अधांतरी लोंबू द्या आणि बोटे सैल आहेत की तेव्हाही वळलेली आहेत हे बघा. नंतर भिंतीला किंवा टेबलाला धरून अनवाणी उभे राहा आणि मग आधार सोडून पाहा, अर्थात जवळ कोणीतरी असतानाच. शेवटी, चालून दमल्यावर बूट काढून लगेच पाहा. बोटे अधांतरी सैल असतील आणि आधार सोडताच जमीन पकडू लागत असतील, तर त्यात ताठरपणापेक्षा तोल जाण्याच्या भीतीचा वाटा मोठा असू शकतो. असे पाऊल बोटांच्या व्यायामाने कमी आणि तोलाच्या सरावाने जास्त सुधारते. बसलेले असतानाही बोटे वळलेली राहत असतील, तर ती हाताने हळूहळू सरळ करून पाहा. ती सरळ होत असतील तर व्यायामाला वाव आहे. सांध्यातच आखडून बसली असतील तर जोर न लावता तज्ज्ञांना दाखवावे. याच तपासणीत अंगठ्याचे नख मांसात रुतलेले नाही ना, करंगळीला बूट चावत नाही ना, हेही बघावे. ताठरपणा असलेल्या पायात एवढेसे दुखणेही स्नायूंना आखडायला पुरते. मूत्रमार्गाचा संसर्ग किंवा बद्धकोष्ठता यांनीही तेच होते, आणि व्यायामाला दोष देत माणूस मूळ कारण शोधायचे विसरतो.

आता प्रत्यक्ष व्यायामांकडे येऊ. पाठीला टेका असलेल्या खुर्चीवर बसा, टाच गुडघ्याच्या बरोबर खाली येईल असे पाऊल जमिनीवर सपाट ठेवा आणि सुरुवातीला पावलाला थोडे सैल करा. त्यासाठी उजवा पाय डाव्या मांडीवर घेऊन एका हाताने टाच धरावी आणि दुसऱ्या हाताच्या तळव्याने पाचही बोटे एकत्र, अगदी सावकाश, नडगीच्या दिशेने वाकवून अर्धा-एक मिनिट तशीच धरून ठेवावीत. झटका दिला तर स्नायू उलट आवळतो, म्हणून येथे घाई कामाची नाही. या ताणाकडून फार अपेक्षा मात्र ठेवू नये. सांधे आखडू नयेत म्हणून दिल्या जाणाऱ्या ताणाच्या व्यायामांचा, वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या कोक्रेन या संस्थेने २०१७ मध्ये आढावा घेतला, तेव्हा काही महिने नियमित ताण देऊनही सांध्याच्या हालचालीत म्हणण्यासारखा फरक पडत नाही असे दिसले. ताण देऊन पाऊल पुढच्या काही मिनिटांपुरते मोकळे होते, आणि आपल्याला तेवढाच अवधी हवा आहे.

पाऊल मोकळे झाले की टाच आणि चवडा जमिनीवर टेकलेलाच ठेवून फक्त बोटे वर उचलण्याचा प्रयत्न करावा. नजर पावलावर असू द्या. पावलाच्या वरच्या बाजूला अंगठ्याकडे जाणारी कंडरा ताणलेल्या दोरीसारखी उठून दिसते. बोटे जमिनीपासून हललेली नसली तरी ती दोरी जराशी उमटली तर आदेश पोहोचला असे समजावे आणि त्याची नोंद करावी. बोटे उचलली गेल्यावर ती एकमेकांपासून फाकवण्याचा प्रयत्न करा आणि मग ती लांब, सपाट ठेवत, सर्वांत सावकाश असे खाली टेकवा. माझ्या मते या व्यायामाचे अर्धे मोल या टेकवण्यातच आहे, कारण चालताना आपली बोटे जमिनीवर येतात तीच वळून येतात. ती सपाट उतरण्याची सवय लागणे हे उंच उचलण्यापेक्षा उपयोगाचे आहे. बोटे उचललीच जात नसतील तर हाताने वर न्यावीत, हात सोडावा आणि ती तेथे क्षणभर धरून हळूहळू खाली आणण्याचा प्रयत्न करावा. वर उचलण्यापेक्षा वरून आवरत खाली आणणे स्नायूला सोपे जाते. एकटा अंगठा उचलून इतर चार बोटे खाली ठेवणे, आणि मग उलट करणे, हे त्यानंतरचे पाऊल. ते निरोगी माणसांनाही पहिल्या दिवशी जमत नाही, म्हणून त्यावरून स्वतःची परीक्षा घेऊ नये.

बोटांइतकेच, किंबहुना आपल्या तक्रारीच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे काम घोट्याचे आहे. टाच जमिनीवर ठेवून चवडा उचलावा, आणि उचलताना करंगळीची बाजू किंचित अधिक वर येईल असा प्रयत्न करावा, कारण मेंदू किंवा मज्जारज्जूच्या आजारात पाऊल खाली गळण्याबरोबर आतही वळते आणि घोटा मुरगळतो तो त्यामुळेच. पाय सरळ ठेवून चवडा उचलला जात नसेल तर एक युक्ती आहे. उजव्या मांडीवर, गुडघ्याच्या जरा वर, आपला तळहात ठेवा आणि त्या हाताच्या विरोधात गुडघा वर उचलायला जा. पुष्कळ जणांचे पाऊल त्या जोराबरोबर आपोआप वर येते. मेंदूकडून सुटी हालचाल होत नसली तरी कंबर, गुडघा आणि घोटा यांची एकत्र हालचाल होऊ शकते, आणि चालताना पाय पुढे टाकायलाही तीच उपयोगी पडते. काही दिवसांनी मांडीवरचा हाताचा दाब कमी करत न्यावा आणि पाऊल वर राहते का ते पाहावे.

पोटरी ताठर आहे म्हणजे ती बलवान आहे असा अर्थ कृपया काढू नका. ताठर स्नायू दुबळाही असतो, आणि मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये पोटरीचा दुबळेपणा अनेकदा नजरेतून सुटतो, कारण सगळ्यांचे लक्ष घासणाऱ्या चवड्याकडे लागलेले असते. पाऊल मागून जोराने ढकलले गेले नाही तर पाय पुढे येतानाही रेंगाळतो. म्हणून ओट्याला किंवा जड टेबलाला दोन्ही हातांनी धरून दोन्ही टाचा एकदम उचलाव्यात आणि हळूहळू खाली आणाव्यात. या वेळी बोटे जमीन पकडू लागली तर भार जास्त झाला असे समजून हाच व्यायाम बसून करावा.

शेवटी, या सगळ्या ताकदीला चालण्यात उतरवावे लागते, नाहीतर ती खुर्चीपुरतीच राहते. समोर बोटभर जाडीची फळी किंवा पुस्तक ठेवून, आधार धरून, उजवी टाच त्यावर टेकवणे आणि परत मागे आणणे हा त्यासाठी पुरेसा साधा सराव आहे.

किती वेळा करावे, या प्रश्नाला सरसकट आकडा देणे मला रुचत नाही, पण सुरुवात करायला प्रत्येक हालचाल पाच ते आठ वेळा, दिवसातून दोन वेळा, एवढे बहुतेकांना झेपते. आकड्यापेक्षा हालचालीचा दर्जा मोजा. चौथ्या वेळी बोटे वर येण्याऐवजी वळू लागली, किंवा पाऊल उचलताना खांदा आणि जबडा आवळू लागला, तर त्या दिवसापुरता तो व्यायाम संपला, मग ठरवलेले आठ झाले असोत वा नसोत. निरोगी स्नायूला थकेपर्यंत राबवून मिळणारा फायदा येथे मिळत नाही. आपल्या पायात स्नायूंच्या आधी आदेश वाहून नेणारा तंतू थकतो. पंधरा-वीस मिनिटांनंतरच चवडा घासू लागतो याचे कारणही तेच आहे. व्यायामानंतर अर्ध्या तासात पाऊल पूर्ववत झाले पाहिजे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते आदल्या दिवसाहून जड वाटता कामा नये. तसे वाटले तर निम्मे करावे.

उष्णतेचाही विचार करा. जर्मन नेत्रतज्ज्ञ विल्हेल्म उथॉफ यांनी १८९० मध्येच नोंदवले होते की अशा रुग्णांची दृष्टी श्रमानंतर तात्पुरती मंदावते. पुढे लक्षात आले की यामागे शरीराचे वाढलेले तापमान असते आणि हाच परिणाम पायांच्या ताकदीवरही होतो. म्हणून गरम पाण्याने स्नान केल्यावर लगेच व्यायाम करू नये, तो गार वेळी, पंख्याखाली करावा. उष्णतेने आलेला दुबळेपणा शरीर थंड झाल्यावर ओसरतो आणि त्यामुळे आजार बळावत नाही, एवढे लक्षात ठेवले तर घाबरून व्यायाम सोडण्याची वेळ येणार नाही.

आता आपल्या भावाविषयी. त्याच्या आजारात मेंदू आणि मज्जारज्जू ठीक आहेत. बिघाड पायापर्यंत जाणाऱ्या नसांत आहे, आणि अशा आजारात सर्वांत लांब नसांची टोके आधी बाधित होत असल्यामुळे सुरुवात बोटांपासून होते. तळव्यातले लहान स्नायू सुकतात, पोटरीतून आलेले लांब स्नायू अजून काम करत असतात, आणि त्या असमतोलामुळे बोटे पंजासारखी वाकतात. टॉवेल गोळा करताना काम करतात ते प्रामुख्याने हेच लांब स्नायू, म्हणून तो व्यायाम त्यालाही फारसा उपयोगाचा नाही. गोट्यांबद्दल तर मला अधिक काळजी वाटते. त्याची काही तक्रार नाही असे आपण लिहिले आहे, पण बधिर पावलाची तक्रार नसणे हे पाऊल सुखरूप असल्याचे लक्षण नव्हे. कातडी घासली, फोड आला, तरी त्याला कळणार नाही.

याचा अर्थ त्याने व्यायामच करू नयेत असा नाही. मधुमेही पायासंबंधीच्या आंतरराष्ट्रीय कार्यगटाच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत, जखमेचा धोका कमी किंवा मध्यम असलेल्यांसाठी आठ ते बारा आठवड्यांचा पाऊल आणि घोट्याचा व्यायामक्रम, तोही शक्यतो जाणकारांच्या देखरेखीखाली, विचारात घ्यावा असे म्हटले आहे. आधी त्याच्या तळव्याची संवेदना दहा ग्रॅम दाबाच्या नायलॉन तंतूने तपासून घ्यावी. ही तपासणी काही मिनिटांत होते आणि धोका कोणत्या पातळीचा आहे हे त्यावरून बरेचसे कळते. त्याला योग्य असा व्यायाम म्हणजे बोटे न वळवता चवडा किंचित टाचेकडे ओढून तळव्याची कमान उचलणे, जेणेकरून काम लहान स्नायूंना करावे लागेल, आणि त्यासोबत बोटे फाकवणे. पावलात काय चालले आहे हे त्याला जाणवत नसल्यामुळे त्याने हे नेहमी पावलाकडे पाहत, उजेडात, मोजे काढून करावे, आणि व्यायामाच्या आधी व नंतर हातआरशात तळवे तपासावेत. तळव्यावर जखम असेल तर व्यायाम बंद. एखादे पाऊल दुसऱ्यापेक्षा लाल, गरम आणि सुजलेले दिसले, तर दुखत नसले तरी त्यावर भार न देता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे, कारण अशा पावलात हाडे नकळत मोडत असतात.

स्प्लिंटविषयीची आपली भीती फार जण बोलून दाखवतात. विचार असा करावा की स्प्लिंट न लावता पंधरा मिनिटांनंतर आपले पाऊल घासते, ठेच लागण्याच्या भीतीने आपण चालणे आवरते घेता आणि त्यात मांडी, कंबर, दम या सगळ्यांचा सराव बुडतो. जे पाऊल थकल्यावर काम करतच नाही त्याला त्या वेळी आधार दिल्याने ते आळशी कसे होणार? मी सुचवेन की घरातल्या घरात, पाऊल ताजे असताना, स्प्लिंटशिवाय चालावे आणि व्यायामही त्याविना करावेत; बाहेर लांब जायचे असेल तेव्हा मात्र तो घरातूनच लावून निघावे, पाऊल घासू लागण्याची वाट पाहू नये. लावून झाल्यावर कातडीवर उमटलेला वळ वीस मिनिटांत गेला नाही तर स्प्लिंट दुरुस्त करून घ्यायला हवा.

विजेच्या सौम्य झटक्याने पाऊल उचलणारे उपकरण हाही एक पर्याय आहे. १९६१ मध्ये लिबरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अर्धांगवायूच्या रुग्णांवर त्याचा पहिल्यांदा प्रयोग केला. टाच उचलली की गुडघ्याखालच्या नसेला झटका मिळतो आणि चवडा वर येतो. हे उपकरण आपल्याला उपयोगी पडू शकते, कारण आपली ती नस शाबूत आहे. भावाच्या पावलाचे दुबळेपण वाढले तरी त्याच्या बाबतीत हा मार्ग सहसा चालत नाही, कारण तेथे नसच खराब झालेली असते.

सहा-आठ आठवडे नव्या पद्धतीने व्यायाम करूनही बोटे तितकीच वळत असतील तर न्यूरॉलॉजिस्टांशी ताठरपणाच्या औषधांबद्दल बोलावे. ठरावीक स्नायूत दिले जाणारे, तो स्नायू सैल करणारे बोट्युलिनम टॉक्सिनचे इंजेक्शन वळणाऱ्या बोटांसाठी अनेकदा उपयोगी ठरते. आपण आधीच बॅक्लोफेनसारखे औषध घेत असाल तर त्याचा डोस स्वतःहून बदलू नका, कारण जास्त झाले तर पाय आणखी दुबळे वाटतात आणि एकदम थांबवले तर ते धोक्याचे ठरते. पायाचा दुबळेपणा अचानक वाढून ताप किंवा संसर्ग नसतानाही २४ तासांपेक्षा जास्त टिकला, किंवा लघवीवरचा ताबा बदलला, तर व्यायाम बाजूला ठेवून लगेच संपर्क साधावा.

फिजिओथेरपिस्टकडे जाताना नेहमीच्या वापरातला जुना बूट सोबत न्या, नवा नको. उजव्या बुटाचा तळ अंगठ्यापाशी झिजला आहे की करंगळीच्या कडेला, यावरून पाऊल नुसते गळते आहे की आतही वळते आहे हे त्यांना आपण चालून दाखवण्याआधीच कळेल, आणि घोटा उचलण्याच्या व्यायामात बाहेरच्या बाजूवर किती भर द्यायचा हे त्यावरून ठरवता येईल.